झाडांच्या पायावरचं पांघरूण

हॅलो? … हॅलो, कोण, आत्या? अगं बोल ना, येतंय ऐकू. जरा मोठ्याने बोल, इथे वारा आहे.

हो, मीच. … हो, पथकाबरोबरच. तुझ्या समोरच्या टेकडीवर उभी आहे. इथून अख्खी उतरण दिसते, म्हणून आज माझी जागा इथे. तू कुठेयस? घरी ना? … घरी नाहीस? मग?

थांब. थांब जरा, दुर्बीण घेते. … आत्या, उतरणीच्या मधोमध काहीतरी लाल दिसतंय. त्या मोठ्या पोकळ झाडाखाली. ती तुझी शाल आहे का? … आणि बसलीस कशावर? … घडीची खुर्ची घेऊन एवढा उतार उतरलीस? … नाही गं, रागावले नाही. गुडघ्याचं काय झालं एवढंच विचारतेय. परवापर्यंत जिना चढवत नव्हता तुला.

बरं. … बरं. … म्हणजे तू उठणार नाहीस. … "आता पेटवून दाखव." कळलं. अगदी स्वच्छ कळलं.

एक सेकंद हं, ठेवू नकोस फोन. दुसऱ्या हातात वॉकीटॉकी आहे. … वरची वाट, ऐकताय? पेटवायच्या झाऱ्या खाली ठेवा सगळ्यांनी. मी सांगेपर्यंत एकही काडी ओढायची नाही. उतारावर माणूस आहे. … हो, माझी आत्याच आहे. … हसू नका.

हं, आत्या. थांबवलंय सगळं. … फसवत नाहीये. मौनीला विचार. आमच्या टँकरचा ड्रायव्हर, उंच, मिशीवाला. उतारावर कुणी राहिलं नाही ना, हे बघायला मी मघाशीच त्याला पाठवलाय. तुझ्यापर्यंत पोचला असेल एव्हाना. … शेजारी बसलाय? … तुझ्या थर्मासमधला चहा पितोय. छान. … काय म्हणाला? … "बसा आजी", असं म्हणाला? अगं, दोन शब्द बोलला तो. तुझी पुण्याई मोठी. त्याची बायको म्हणते, लग्न ठरवायलाही हा नुसती मान हलवून गेला होता.

ऐक ना आत्या. अगं ऐक ना. मला एक सांग, लहानपणी मी रुसून माळ्यावर जाऊन बसायचे तेव्हा तू काय करायचीस? … नाही, ओढायची आई. तू शिडीखाली बसून गोष्ट लावायचीस. अर्धी सांगून, अर्धी गाऊन, मध्येच देवाचं नाव, मध्येच त्या गोष्टीतल्या सुनेची फजिती. ऐकता ऐकता मी एकेक पायरी खाली. … तेच म्हणतेय. आज माळ्यावर तू बसलीस. तेव्हा फोन घे कानाशी, आणखी जवळ, आणि मला एक गोष्ट सांगू दे. आगीची आहे आणि माणसाचीही आहे. गाता येत नाही मला, तेवढं सोस. आणि हुंकार देत जा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. नियम तुझाच आहे.

हं. असा.

आता बघ. तू बसलीस तिथे पायाखाली हात घाल. … घाल ना. काय लागतंय? … पानं, त्याखाली पानं, त्याखाली काटक्या, सोललेली साल. हात कुठपर्यंत गेला? … कोपरापर्यंत. मौनीला बघू दे तो हात. … हो ना. आता वर बघ, झाडांच्या सालीच्या चिरफळ्या लोंबताहेत, खालची झुडपं त्यांना टेकलीत. माणसांना वाटतं आग लागली म्हणजे झाडं जळतात. झाडं नंतर. आधी जळतं ते बारीकसारीक, करंगळीहून बारीक. जळालं की झुडपाला धरतं, झुडूप सालीला देतं, साल शेंड्याला. पायरी पायरीने चढते ती, माझ्या माळ्यासारखी, फक्त उलट्या दिशेने.

हं.

आणि चढ तिला फार आवडतो. आपण चढावर धापा टाकतो, ती चढावर धावते. का? ज्वाला पुढे झुकते आणि समोरचं गवत जळायच्या आधीच भाजून तयार ठेवते. उतारावर तसं करता येत नाही तिला. उतारावर रांगते. रांगणाऱ्या पोराला तू हातातला खुळखुळा दाखवत दाखवत न्यावंस, तशी. … हो, आता मुद्दा. ही उतरण खालच्या रस्त्यापासून चढत चढत कुठे संपते? … तुझ्या मागच्या दारात. गादीला गादी लावावी तशी ती पानं तुझ्या पायरीपर्यंत आलीत. उन्हाळ्यात खालच्या रस्त्यावर कुणाच्या गाडीखाली ठिणगी पडली, तर वर यायला तिला वेळ लागणार नाही, आणि त्या दिवशी मी टँकर घेऊन तुझ्यापर्यंत पोचेनच असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही मला. एवढंच आहे. बाकी आमचं सगळं वनखातं गेलं खड्ड्यात, मला तुझं घर दिसतं इथून.

… हो. पिवळी खिडकी. दिसते.

म्हणून आज आम्ही काय करणार, तर वरून, तुझ्या कुंपणालगतच्या वाटेवरून पेटवणार. उलटी आग. … उलटी. … अगं नाही, कुणालाही उलटी होत नाही. उलट्या दिशेची आग, आत्या. वारा खालून वर येतोय, आग वरून खाली जाणार. वाऱ्याच्या तोंडावर, उताराच्या दिशेने. तिला ना वारा मदत करणार, ना चढ. … शब्द वाईट आहे खरा. आमच्या पथकात नवीन आलेली पोरंही हसतात आधी. दुसरा काढून दे तू, गाण्यातला एखादा. … "नमती आग". हे चांगलं आहे. घेतला. मी आता तेच म्हणणार.

नमती आग गुडघ्याच्या वर येत नाही. पानं खाते, काटक्या खाते, मोठ्या झाडाच्या सालीला काळा हात लावते आणि पुढे जाते. मुळाशी गारवा तसाच राहतो. दोन पावसांत हिरवं होतं परत.

… हं, आलं. मला वाटलंच होतं हे येणार. सरड्यांचं काय, साळूचं काय, भुंग्यांचं काय. … नाही गं, थट्टा नाही करत. तू मुंगीला ओलांडून जाणारी बाई. सकाळी अंगणात पाणी टाकताना "बाजूला व्हा रे" म्हणतेस, मला ठाऊक नाही का?

ऐक. सगळीकडून पेटवत नाही आम्ही. चारी बाजूंनी पेटवलं की मध्ये सापडलेल्याला वाट नाही. म्हणून एका अंगाने, आणि सावकाश. साळू बिळात जाते, माती थोडी खोल गेली की थंड. सरडा दगडाखाली. भुंगे उडतात. पाखरं तर आगीच्या पुढे पुढे किडे टिपत चालतात, त्यांची मेजवानीच. आणि मध्ये मध्ये ओलसर जागा जळतच नाहीत, त्या आम्ही मुद्दाम तशाच सोडतो. … सगळे वाचतात? नाही. सगळे वाचतात असं नाही म्हणणार मी. गोगलगायी जातात. काही अंडी जातात. ते मी देवाला काय सांगायचं ते सांगते, माझ्या पद्धतीने. पण उन्हाळ्यातली आग आली ना, आत्या, तर तिच्यापुढे हरीणसुद्धा पळून दमतं. तिथे सरड्याची काय कथा.

हुंकार? … हं.

… काय? … पुन्हा बोल, वाऱ्यात गेलं.

… मधवाल्याचं?

… कोण म्हणालं तुला?

… बाजारात. हं. … "वनखात्याच्या लोकांनी पेटवलं, ते सुटलं, आणि मधवाला गेला." आणि तू हे इतके दिवस मनात ठेवलंस? जेवायला आले तेव्हा वाढलंस, पाठीवरून हात फिरवलास, आणि हे आत. … नाही, मला वाईट वाटलं नाही. वाटलं थोडं. असू दे.

… हो, सांगते. गोष्ट त्याचीच होती. तूच आणलंस त्याला, बरं झालं.

मधवाला पलीकडच्या डोंगरावर राहायचा. तुझ्याकडे यायचा ना, मोठ्या काचेच्या बरण्या घेऊन? … हो, तोच, टोपी मागे सरकवून बोलायचा. बोलायला लागला की मौनीची सगळी भरपाई एकटा करायचा. आमचे आधीचे साहेब दर साली त्याच्या डोंगरावर अशीच नमती आग घालायला जायचे, आणि हा आडवा यायचा. भांडायचा नाही. चहा द्यायचा, ब्रेडला मध लावून द्यायचा आणि म्हणायचा, "साहेब, फुलोरा चाललाय. माझी लेकरं उपाशी राहतील. जरा फुलोरा सरू दे." लेकरं म्हणजे माश्या. साहेब भले माणूस, हो म्हणून परत यायचे. आणि आत्या, त्या डोंगरावर एकाचा फुलोरा सरला की दुसऱ्याचा लागतो. सरतच नाही तो.

हं.

असं होत होत खाली पानं साचत गेली. मग त्या उन्हाळ्यात वादळात एक फांदी विजेच्या तारेवर पडली. तिथून लागली ती आग. आमच्या कुणाच्या हातून नाही. … नाही, आत्या, हे मी स्वतःच्या बचावासाठी नाही सांगत. आमच्या हातून कधी सुटतच नाही असं नाही. सुटते. वारा फिरतो, माणसाचा अंदाज चुकतो. म्हणून तर टँकर, म्हणून आधी कोपऱ्यात एवढीशी पेटवून बघायची, म्हणून मी समोरच्या टेकडीवर अशी ताटकळत उभी. पण ती आमची नव्हती.

आग यायच्या कितीतरी आधी तो खाली गावात सुखरूप आला होता. तिथे शाळेत सगळ्यांची सोय केली होती, चादर घेऊन बसला होता. आणि मग उठला. म्हणाला, पेट्या उचलून आणतो, येतोच. लोकांनी अडवलं, पण तू ओळखतेस त्याला, गोड बोलून निसटला. … हो. वाटेत धुरात गाडी थांबली त्याची. आग तिथे पोचलीही नव्हती. धूरच.

… रड. रड तू, मी आहे.

…

आणि ऐक, एक गोष्ट बाजारात तुला कुणी सांगितली नसेल. दुसऱ्या दिवशी मी गेले होते तिथे. आग त्याच्या घराला लागून गेलीच नव्हती, बाजूने गेली. पण पेटलेली साल वाऱ्यावर उडते, पार दूर जाऊन पडते. तशी एक त्याच्या पन्हळीत पडली, पन्हळीत सुकी पानं होती, घर गेलं. अंगणातलं झाड हिरवं आणि घर राख. आणि परसात त्याच्या पेट्या. उभ्या होत्या, आत्या. रंगसुद्धा उडाला नव्हता. माश्या आत गुणगुणत होत्या.

का? तर तो पेट्यांभोवती रोज सकाळी झाडायचा. मुंग्या येऊ नयेत म्हणून. मातीचं नुसतं चकचकीत अंगण होतं भोवती. आगीला पाऊल टाकायला पानसुद्धा नव्हतं. ज्यांना आणायला तो गेला, त्यांना त्याने आधीच वाचवून ठेवलं होतं. त्याला ठाऊकच नव्हतं ते.

…

हो. … हो गं.

म्हणून काल आम्ही तुझ्या उतरणीवर हेच केलं. जी जुनी पोकळ झाडं आहेत ना, घुबडांची, त्या सगळ्यांच्या बुंध्याभोवती दाताळ्याने पानं ओढून माती उघडी केली. मधवाल्याच्या अंगणासारखं एकेक कडं. आग कड्यापाशी येईल आणि वळसा घालून जाईल. आणि ओळखायला म्हणून प्रत्येकाला नारिंगी रिबीन बांधली. अख्खा दिवस गेला, पोरांच्या तळहातांना फोड आलेत.

…

आत्या? … हुंकार?

… हॅलो? लागलाय ना फोन? … आत्या, हुंकार का थांबला?

… काय केलंस?

… सावकाश सांग. सकाळी उतरलीस. … हं. … बघितलंस, झाडांचे पाय उघडे पडलेत. … हं. … पहाटे थंडी असते. … आणि?

परत सारलीस. पानं. परत बुंध्याशी.

… किती झाडांची? … सगळ्यांची. … नुसती सारली नाहीस, आणखी आणून घातलीस. आजूबाजूची गोळा करून. उंच, गादीसारखी. … पांघरूण. हो. समजतंय मला, आत्या. झाडांच्या पायावरचं पांघरूण आम्ही ओढलं आणि तू घातलंस.

आणि रिबिनी? … त्या का सोडल्यास? … तुला वाटलं रिबीन बांधलेली तोडणार. … कुठेत आता? … स्वेटरच्या खिशात. सगळ्या. बरं.

नाही, ओरडत नाहीये. मी श्वास घेतेय. मला एक मिनिट श्वास घेऊ दे.

…

आत्या, तुला काही कळलं का, तू काय केलंस ते? थांब, आधी चांगलं सांगते. तू तिथे खुर्ची टाकून बसली नसतीस ना, तर आम्ही मघाशीच पेटवलं असतं. आम्हाला वाटत होतं झाडांचे पाय मोकळे आहेत. आग आली असती ती सरळ त्या गाद्यांवर. पोकळ झाडाला बुंध्याशी भोक असतं, त्यात आग शिरली की झाडाचं धुराडं होतं. आतून ओढ लागते. बाहेरून साधं दिसतं आणि आत भट्टी. घुबडं, पिल्लं, सगळं. मग आठवडाभर जळून ते झाड एका रात्री आडवं पडतं, कुणाच्या अंगावर पडेल सांगता येत नाही. तेव्हा बसलीस ते देवानेच बसवलं तुला असं समज. मी तसंच समजतेय.

आता वाईट. … वाईट असं की आज सगळं होणार नाही.

थांब, वॉकीटॉकी वाजतोय. … बोला, हवामानाच्या ताई. … दुपारनंतर वारा? किती वाढेल? … आणि उद्या? … उद्याही तसाच वारा, आणि परवापासून पेटवायला बंदी. म्हणजे आजच. … बरं. थोडा वेळ आहे ना अजून? … चालेल. सांगते तुम्हाला.

आत्या, आहेस? ऐक, आता मला तू हवीस. दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही कुठल्या झाडाची रिबीन सोडलीस ते. पानांच्या ढिगांवरून कळेल थोडं, पण सगळीकडेच ढीग. तुला एकेक झाड ठाऊक आहे, तू त्यांच्याशी बोलतेस. वरच्या अंगाची, तुझ्या कुंपणाजवळची झाडं आधी. मौनीचा हात धर आणि दाखव. पोरं दाताळी घेऊन येताहेत. … तुझे गुडघे? मघाशी खुर्ची घेऊन उतरताना ते कुठे होते? … हसलीस. बरं वाटलं.

नको, फोन बंद नको करूस. स्पीकरवर टाक आणि खिशात ठेव. रिबिनी ज्या खिशात आहेत तो नको, दुसरा.

… हं, चाललात. दिसताय. मौनीने खुर्ची पण घेतली. गुणी आहे.

…

… काय गं, कुणाशी बोलतेयस? … झाडाशी. "पांघरूण काढते हं, थोडा वेळ." बोल, बोल. … पोरांनो, भोकातली पानंही काढा, हात घालून, नुसतं वरवर नको. … रिबीन बांधलीस परत? घट्ट? … पुढचं.

… हो, ऐकू येतंय तुझं गाणं. थांबू नकोस. इथे टेकडीवर एकटीने उभं राहायचं म्हणजे … नाही, काही नाही. गा तू.

…

… मौनी का थांबला तिथे? … त्या जाड्या झाडाशी? … साळू निघाली ढिगातून? … तू घातलेल्या गादीत येऊन झोपली होती. आता काय म्हणावं. … खाली जाऊ दे तिला, वाट द्या, हाकलू नका. … गेली? … नशीबवान आहे बाई.

… हो, ताई, बघतेय. झाडांचे शेंडे हलायला लागलेत, दिसतंय. … नाही, तेवढं पुरे. थांबवते मी.

आत्या. … आत्या, ऐक ना. पुरे आता. वरच्या अंगाची झाली ना सगळी? … मग थांबा. … ठाऊक आहे, खालची राहिली. तू बसली होतीस ते मोठं झाडही राहिलं. पण वेळ संपला. आज वरची अर्धी उतरणच जळणार. मध्ये ती जुनी पायवाट आहे ना, तिथे पाणी मारून थांबवू. खालची अर्धी यंदा तशीच.

… हो. … हो, तुझ्यामुळे. आता खोटं काय सांगू तुला. खालची अर्धी या उन्हाळ्यात तशीच राहणार, पानांसकट, आणि मी रोज सकाळी उठून आधी त्याच दिशेला बघणार. पण वरची अर्धी तुझ्या दाराशी आहे. खालून आग धावत आली तरी पायवाटेपाशी तिला खायला काही उरणार नाही, तिथे तिची चाल मोडेल. मोडेल असं म्हणतेय, विझेल असं नाही. फार वाऱ्याच्या दिवशी ठिणग्या वरून उडून येतात, ते मधवाल्याच्या घराने शिकवलंय आपल्याला. म्हणून पन्हळी साफ. उद्या येते मी शिडी घेऊन. आणि ज्या दिवशी मी फोन करून सांगेन की निघ, त्या दिवशी निघायचं. कुणाला आणायला मागे फिरायचं नाही. ना मांजराला, ना देव्हाऱ्याला. देव स्वतःची काळजी स्वतः घेतो. … कबूल? … तोंडाने म्हण. … हं.

आणि खालच्या झाडांची पांघरुणं तूच काढ. रोज थोडी, सकाळच्या गारव्यात, गुडघे सांभाळून. मौनी येईल मदतीला. … तो येईन म्हणतो? बोलून म्हणतो की मान हलवून? … चालेल.

आता त्याच्याबरोबर वर जा. धूर तुझ्या घराकडे येणार, वारा तसा आहे. वाळत घातलेलं धुणं आत घे. खिडक्या लाव, दाराखाली ओला कपडा सरकव. आणि धूर दिसला की अग्निशामक दलाला फोन करू नकोस. मागच्या खेपेला केला होतास, दोन बंब आले होते माझ्यावर धावून, आठवतं ना? … हो, तेव्हाही चांगल्या मनानेच. तुझ्या चांगल्या मनाने माझं अर्धं आयुष्य थकलंय, आत्या.

… पोचलीस? … खिडकीशी बस, काचेतून बघ. … लावल्यास सगळ्या? … दिसलीस. पिवळ्या खिडकीत लाल शाल.

एक सेकंद. … वरची वाट, ऐकताय? उतार रिकामा आहे. मौनी टँकरपाशी पोचलाय. कोपऱ्यातून सुरू करा, एवढीशी, बघू कशी चालते. … हं. … हं. नमतेय. … चालू द्या. सावकाश, एकमेकांच्या पुढे जाऊ नका. … "नमती" म्हणजे उलटीच. आजपासून हाच शब्द.

आत्या, दिसतेय का? … हो, तेवढीच. एवढी धाकटी असते ती, वळण लावलं तर. … पाखरं आली ना पुढे? सांगितलं होतं.

… काय करू म्हणतेस? आता तू काही करायचं नाहीस. बसून राहा. गा हवं तर. … देवापुढे बसतेस? बस. सरड्यांसाठी माग, गोगलगायींसाठी माग, माझ्या पोरांच्या हातांसाठी माग. … माझ्यासाठी आपोआप मागतेसच, ते ठाऊक आहे.

आणि आत्या, एक राहिलं. त्या मधवाल्याला मागे कुणी नव्हतं गं. ना बायको, ना मूल. त्याची लेकरं, त्या माश्या, कुणी कुणी वाटून नेल्या. मी पेटवताना दर वेळी त्याची आठवण काढायची म्हणते, पण पेटलं की माझं लक्ष वाऱ्याकडे जातं, मग राहून जातं. तू निवांत आहेस. तू त्याची आठवण काढ. नुसतं मधवाला म्हटलंस तरी देवाला कळेल कोण ते.

… हं. ठेवते.